नेहमीचं द्या

आमच्या खालच्या घरात कंडक्टर राहतो. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण कंडक्टर काही त्याच्या अंगातून उतरलेला नाही. चहा संपला की रिकामा कप टेबलावर दोनदा टेकवतो, टक् टक्. म्हणजे डबल बेल, गाडी सुटायला हरकत नाही. कुणाच्या घरी गेला की उंबऱ्यातच म्हणतो, "आत सरका, दारात गर्दी नको." दारात तो एकटाच असतो. मागे एका अंत्ययात्रेत सवयीने त्याच्या तोंडून "चला, पुढे जागा आहे" असं निघून गेलं. तेव्हापासून अशा ठिकाणी आम्ही त्याला मधोमध ठेवतो आणि दोन्ही बाजूंनी कोपर मारायला माणसं ठेवतो.

माणूस सरळ. इतका सरळ की वाकवायला गेलं तर आपलाच हात दुखावा. नियम म्हणजे नियम. अशा माणसाने म्हातारपणी खोटेपणा कसा केला, आणि तोही आपल्याच बायकोशी, ते सांगायला बसलोय. आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी म्हणायचे की गोष्ट सांगताना आधी माणूस उभा करावा, मग त्याला चालवावं. या गोष्टीत तर चालण्याचाच सगळा प्रश्न होता.

कंडक्टरची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घरातलं सगळं सामान नाक्यावरच्या पुडीशेठकडून आणायच्या. पुडीशेठ हे नाव त्याच्या पुडीमुळे पडलं. कागदाची पुडी अशी बांधतो की गावभर हिंडवली तरी दाणा सांडत नाही, आणि दोऱ्याचं एक टोक ओढलं की आपसूक उलगडते. वहिनी रोज सकाळी तिथे जायच्या. दुकानात शिरायचं, बाकड्यावर टेकायचं आणि म्हणायचं, "नेहमीचं द्या." बस्स. कुठला चहा, कुठला साबण, साखर किती, काही नाही. शेठचे हात चालू लागायचे आणि दोघांची तोंडंही. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचं दुखणं कुठवर आलं, नळाला पाणी का नाही. आमची म्हातारी म्हणायची, "वहिनी सामान आणायला जातात म्हणणं म्हणजे मासा पाणी प्यायला नदीत जातो म्हणण्यासारखं आहे."

आणि कंडक्टर? तो रस्त्यापलीकडे टपालपेटीपाशी छत्री घेऊन उभा राहायचा. ऊन असो, पाऊस असो. दुकानाची पायरी चढायची नाही, असं त्याने एका पोत्यावरून ठरवलं होतं.

ते पोतं असं. पुडीशेठ तरुण असताना तांदळाचं पोतं घेऊन कंडक्टरच्या बसमध्ये चढला. कंडक्टर म्हणाला, "एवढं सामान आत चालणार नाही." शेठ म्हणाला, "मास्तर, आपण एका गल्लीतले." कंडक्टर म्हणाला, "गल्ली गल्लीत. इथे नियम." आणि दिली सिंगल बेल, म्हणजे गाडी थांबवा, माणूस उतरतोय. भर उन्हात, दोन थांब्यांच्या मधे, शेठ आणि शेठचं पोतं खाली. पोतं डोक्यावर घेऊन तो घरापर्यंत चालत आला. दुसऱ्या दिवशी वहिनींना म्हणाला, "तुम्ही या. तुमच्यावर राग नाही. पण मास्तर माझी पायरी चढले तर त्यांनाही सिंगल बेल देईन." ते वाक्य वहिनींनी घरी जसंच्या तसं पोचवलं. झालं! त्या दिवसापासून टपालपेटी हा कंडक्टरचा थांबा.

मधल्या काळात कोपऱ्यावरचं जुनं गॅरेज पाडून तिथे मोठं दुकान आलं. काचेचं, थंडगार. मी तर पहिल्याच दिवशी गेलो. अहो, दार आपोआप उघडलं! जन्मात पहिल्यांदा कुणी मी न सांगता माझ्यासाठी दार उघडलं, तर मी तीनचारदा आतबाहेर करून घेतलं. तिथल्या गणवेशातल्या मुलीने विचारलं, "आजोबा, काही विसरलात का?" म्हटलं, "नाही गं, मजा येतेय." ती हसली. चांगली मुलगी. तेव्हापासून मी दिवे आणि बूटपॉलिश तिथून आणतो आणि बाकीचं शेठकडून. दोन्हीकडे आपली ओळख असावी. वहिनी मात्र त्या काचेकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत.

आणि मग वहिनी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, घरी आल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "हाड छान बसलंय. आता उठायचं, वॉकर धरून चालायचं. जेवढं पडून राहाल तेवढं पुढे अवघड. आत्ता चालला नाहीत तर मग खाटच."

वहिनी उठेचनात. वॉकर खाटेशेजारी उभा, चकचकीत, त्यावर कंडक्टरचा टॉवेल वाळत घातलेला. दुखतं म्हणून नाही, भीती वाटते म्हणून नाही. विचारलं की म्हणायच्या, "उठून करायचंय काय? सगळं चाललंय की." आणि भिंतीकडे तोंड. दिवसभर घरात राज्य करणारी ही बाई, आणि अशी! कंडक्टर वर माझ्याकडे येऊन बसायचा आणि कप टेकवायचाच नाही. बेल न देता बसून राहायचा. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

घरात सामान मात्र लागणारच. कंडक्टरने विचारलं, "अगं, काय काय आणू?"

वहिनी म्हणाल्या, "नेहमीचं."

आता आली का पंचाईत! नेहमीचं म्हणजे काय, हे या गृहस्थाला लग्नापासून ठाऊक नाही. दुसऱ्यांदा विचारायची लाज. शेठकडे जायचं नाही. म्हणून गेला मोठ्या दुकानात, आणि त्या मुलीला म्हणाला, "नेहमीचं द्या."

"आजोबा, नेहमीचं म्हणजे कुठल्या रांगेत बघायचं?"

"ते तुम्ही सांगायचं. दुकान तुमचं."

तिने बिचारीने एक ट्रॉली हातात दिली आणि म्हणाली, "आवडेल ते घ्या." आवडेल ते! साबणांचीच एक अख्खी भिंत. हा तिथे उभा राहून साबण वाचत बसला. शेवटी डोळे मिटून एक उचलला, चहा उचलला, साखर उचलली आणि पैसे द्यायच्या रांगेत लागला. ती रांग वाकडी. कंडक्टरला वाकडी रांग दिसणं म्हणजे दुसऱ्याला गळका नळ दिसणं. ट्रॉली सोडली आणि लागला कामाला. "एकामागे एक! ताई, बाळ पुढे घ्या. अहो टोपीवाले, मधे उभं राहू नका." लोकही ऐकायला लागले, मजाच. रांग सरळ झाली, कंडक्टर समाधानाने परत आला, ट्रॉली धरली, पैसे दिले, पिशव्या भरल्या, घरी.

खाटेशेजारी पिशवी उलटी केली. मी तेव्हा वहिनींना पेपर वाचून दाखवायला बसलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. आधी लहान बाळाच्या लंगोटांचा गठ्ठा पडला. मग मांजराच्या खाण्याचे डबे. मग केस लाल करायचा रंग.

वहिनी कोपरावर उठल्या. "हे काय? मांजर आणलंत?"

"कुठलं मांजर?"

"मग हे खाणार कोण? तुम्ही?"

"बघू," कंडक्टर डबा डोळ्यांजवळ नेत म्हणाला. "मासळी आहे म्हणे."

"आणि हे लंगोट? भाऊजी, तुम्हाला लागतात का हो?"

म्हटलं, "वहिनी, अजून नाही, पण ठेवून द्या."

"आणि हा लाल रंग! अहो, तुमच्या डोक्यावर केस तरी आहेत का रंगवायला?" वहिनी अशा हसल्या, अशा हसल्या की टाके दुखायला लागले तरी थांबेनात. "दाखवा बघू, आणखी काय काय आहे. इकडे आणा. असं नाही, इकडे!" आणि बोलताबोलता बाई खाटेवरून पाय खाली सोडून बसल्या. कुणी न धरता. आपण बसलोय हे त्यांच्या लक्षातच नाही. कंडक्टरच्या आलं. माझ्याकडे बघून त्याने भुवया उंचावल्या.

दुसऱ्या दिवशी तो ते सगळं परत करायला गेला. त्या मुलीने निमूट परत घेतलं. ज्या बाईची ट्रॉली होती तिला म्हणे कालच पुन्हा सगळं काढून दिलं होतं. घरी येऊन कंडक्टर म्हणाला, "दादा, चूक कुणाची हेसुद्धा विचारलं नाही हो. मी एवढं उत्तर पाठ करून गेलो होतो!"

मग मीच मध्ये पडलो. त्याला टपालपेटीशी उभा केला, मी पायरी चढलो आणि म्हटलं, "शेठ, वहिनींचं नेहमीचं द्या." शेठने एक शब्द विचारला नाही. चहा बारीक, साबण पिवळा, बिस्किटांचा चुरा वेगळ्या पुडीत, कारण वहिनींना तो दुधात लागतो. आणि रस्त्यापलीकडच्या टपालपेटीकडे बघत म्हणाला, "वहिनींना सांगा, बाकडं रिकामं आहे."

पुड्या खाटेवर मांडल्या. वहिनींनी एकेक उघडून बघितली. सगळं अचूक. आम्ही दोघं शाबासकीची वाट बघत उभे. वहिनी म्हणाल्या, "बघा. मी गेले नाही तरी आलंच ना सगळं? माझ्यावाचून काही अडत नाही." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

कंडक्टर बराच वेळ त्या पुड्यांकडे बघत बसला. मग उठला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. मी मागोमाग. टपालपेटीपाशी थांबला. छत्री उजव्या हातातून डाव्या हातात, डाव्यातून उजव्यात. आणि रस्ता ओलांडून, माझ्या देखत, पुडीशेठची पायरी चढला.

शेठने मान वर केली. "या मास्तर. सामान आत चालेल का तुम्हाला? इथे पोती बरीच आहेत."

कंडक्टरचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता फिरतोय माघारी. पण म्हणाला, "शेठ, त्या दिवशी बस रिकामी होती."

"ठाऊक आहे. मी आतच होतो ना."

"माझं चुकलं."

शेठने हातातला दोरा खाली ठेवला. "एवढं बोलायला इतकी वर्षं त्या पेटीला टेकून उभे होतात? लोकांना वाटायचं तुमचं पत्र येत नाही." मग हळूच म्हणाला, "वहिनी कशा आहेत?"

"त्यासाठीच आलोय. तुम्ही बरोबर सामान देता."

"म्हणजे?"

"बरोबर दिलंत की ती झोपते. चुकीचं आलं की उठते. मला चुकीचं सामान द्या."

शेठने आधी माझ्याकडे बघितलं, याचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेने. मी ट्रॉलीची हकीकत सांगितली. मांजराचा डबा आला तेव्हा तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "मास्तर, बापाच्या वेळेपासूनचं दुकान आहे. कोपऱ्यावर ते काचेचं आल्यापासून माझ्याकडे नावाशिवाय उरलंय काय? वहिनी चारचौघींना सांगणार, शेठचं आता खरं नाही. आणि मी सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला मुद्दाम चुकीचं देऊ?"

"काचेच्या दुकानात चुकीचं मागायची सोय नाही हो, शेठ," कंडक्टर म्हणाला. "तिथे नेहमीचंच कुणाला माहीत नाही, तर चुकवणार काय?"

शेठने दोऱ्याचं रीळ नुसतंच बोटाभोवती फिरवलं. मग म्हणाला, "सडकं देणार नाही, सांगून ठेवतो. चांगल्यातलंच चुकीचं देईन."

आणि सुरू झालं. पहिल्या दिवशी बारीक चहाऐवजी जाडा. वहिनी कपात बघून पुटपुटल्या. मग अंगाच्या साबणाऐवजी धुण्याचा. वहिनी पाय खाली सोडून बसल्या आणि म्हणाल्या, "याने काय मला पिळून वाळत घालायचंय?" मग साखरेच्या जागी मीठ. त्या दिवशी टॉवेल वॉकरवरून खाली फेकला आणि वॉकर धरून खिडकीपर्यंत आल्या. वर मला हाक, "भाऊजी! शेठना चष्मा लागलाय का बघा हो!" मी खिडकीतून म्हटलं, "बघतो, वहिनी!" आणि आत जाऊन उशीत तोंड घालून हसलो. कंडक्टर मात्र रोज खोटं बोलून वाळत चालला होता. "दादा, मला फुकट्या प्रवाशासारखं वाटतं हो, तपासनीस समोर बसल्यासारखं."

तरी औषध लागू पडत होतं. खाट ते खिडकी, खिडकी ते ओटा. आणि इतक्यात सगळं फिसकटलं. बिस्किटांच्या चुऱ्याऐवजी खिळे आले. वहिनींनी पुडी बांधली, बाजूला ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून त्या मोठ्या दुकानातून आणत जा. शेठचं संपलं. माणसाला आठवेनासं झालं की उगाच त्याला त्रास देऊ नये."

रागावल्या असत्या तर चाललं असतं. हा तर निरोप होता. कंडक्टर पांढरा पडला. इकडे बायको पुन्हा खाट धरणार, तिकडे शेठचं नाव जाणार, आणि दोन्ही याच्या अकलेने. खरं सांगावं, तर ती म्हणणार, मला वेडी ठरवलंत. मी डोळ्यांनी खुणावलं, सांगून टाक. तो सांगेना. उभा राहिला, खिशात हात घातले, बाहेर काढले आणि एकदम त्याच्या कामावरच्या आवाजात म्हणाला, "मी नाही सांगणार."

"काय?"

"इतक्या वर्षांचं दुकान असं निरोपाने सोडतात का? उतरायचं असेल तर ज्याने त्याने आपल्या पायाने उतरावं. शेठना तोंडावर सांग, मग मी मोठ्या दुकानात जातो."

"सांगेन! मला काय भीती आहे?"

"सांग की."

"चपला द्या माझ्या."

दारात दोन पायऱ्या. कंडक्टर पुढे झाला, वहिनी म्हणाल्या, "हात लावू नका, पडले तर माझी मी." वॉकर पुढे, मग पाय, मग दुसरा. गल्लीतली माणसं दारात आली. कंडक्टर मागून, न धरता, दोन्ही हात पसरून चालत होता आणि लोकांना म्हणत होता, "बाजूला व्हा, रस्ता सोडा, मधे उभं राहू नका." वाटेत कोपऱ्यावर वहिनी दम खायला थांबल्या, तर त्या काचेच्या दुकानाचं दार आपोआप उघडलं. थंड वारा बाहेर आला. ती मुलगी धावत आली. "या ना आजी, बसा आत."

वहिनी म्हणाल्या, "येते गं, पण आधी भांडून येते."

दुकानाशी पोचल्या. पायरी एकच, पण उंच. चढल्या. बाकड्यावर बसल्या नाहीत. वॉकर धरून, उभ्याउभ्या, सगळं ऐकवलं. जाडा चहा, साबण, मीठ, खिळे. "खिळे, शेठ! दुधात घालून खाऊ?" गिऱ्हाइकं थबकून ऐकताहेत. शेठ खाली मान घालून उभा. वहिनींचा श्वास संपला तेव्हा तो खाली वाकला आणि फळीखालून एकेक पुडी काढून समोर ठेवायला लागला. बारीक चहा. पिवळा साबण. साखर. बिस्किटांचा चुरा. त्या त्या दिवशीचं बरोबर सामान त्याने त्याच दिवशी बांधून बाजूला ठेवलं होतं.

"तुमचं आहे, वहिनी," तो म्हणाला. "दुसऱ्याला देववेना."

वहिनींनी पुड्यांकडे बघितलं. मग शेठकडे. मग मान वळवून मागे बघितलं, तर कंडक्टर पायरी चढून आत उभा. टपालपेटीशी नाही. आत, तांदळाच्या पोत्याला टेकून. मग माझ्याकडे नजर आली. मी छताकडे बघायला लागलो.

"कुणाची अक्कल ही?"

शेठने कंडक्टरकडे बोट केलं. कंडक्टरने माझ्याकडे. मी नाइलाजाने मांजराच्या त्या डब्याला दोष दिला.

क्षणभर वाटलं, आता आभाळ कोसळणार. वहिनींची हनुवटी हलली. मग त्या बाकड्यावर टेकल्या, हळूहळू, सवयीच्याच जागी. पदराने कपाळ पुसलं. दुकानात जमलेल्या गिऱ्हाइकांना मोठ्याने म्हणाल्या, "शेठचं डोकं शाबूत आहे हो. बिघाड आमच्या घरात आहे." आणि मग, "काय हो शेठ, त्या कोपऱ्यावरच्या सुनेचं काय झालं? आली का माहेरून?"

शेठने दोरा तोडला आणि सुरू झाला.

आता विचाराल, पुढे त्या कुठून सामान आणायला लागल्या. दोन्हीकडून! रोज सकाळी आधी मोठ्या दुकानात जातात. तिथली फरशी सपाट, हवा गार, आणि ट्रॉली धरून चालायला वॉकरपेक्षा बरी. साबणांच्या भिंतीपासून दिव्यांच्या रांगेपर्यंत फेऱ्या मारतात, त्या मुलीकडे तिच्या आईची चौकशी करतात, दिवा नाहीतर बूटपॉलिश असं काहीतरी घेतात. कंडक्टर तोवर रांग सरळ करतो, आणि तिथले लोक आता त्याची वाट बघतात. मग दोघं शेठकडे. डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या, आता काठीवर यायला हरकत नाही.

पण त्या पहिल्या दिवसाचं एक राहिलं. गप्पा संपल्या, शेठने पुड्या पिशवीत भरल्या, कंडक्टरने पिशवी उचलली. वहिनी उठल्या, वॉकर धरला, पायरीच्या कडेशी आल्या आणि थांबल्या. खाली उतरायचं होतं, आणि चढण्यापेक्षा उतरणं कठीण. कंडक्टर पिशवी धरून उभा. वहिनींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वॉकर किंचित उचलला आणि लादीवर दोनदा टेकवला.

टक् टक्.

आणि उतरल्या.